बोटांच्या ठशांवरून जीनियस ओळखणारी टेस्ट, कोथरूड : 5 पैकी 1 स्टार

मागच्या महिन्यात लेकीची ती बोटांच्या ठशांची टेस्ट करून घेतली, डीएमआयटी म्हणतात ती. सेंटरचं नाव देत नाही, कोथरूडमध्ये आहे एवढंच. साडेचार हजार रुपये. स्टाफ गोड बोलतो, अपॉइंटमेंटच्या वेळेला घेतात, तो एक स्टार त्याचा. स्कॅनरवर दहाही बोटं ठेवायची, की दोन दिवसांनी गुळगुळीत कागदाचा जाडजूड रिपोर्ट, वर आइनस्टाइनचा फोटो. आत काय, तर सायन्सकडे कल कमी, कॉमर्सचा विचार करा. मुलगी चौथीत आहे हो!

त्याच आठवड्यात जेवताना ही चमच्यात बघत बसली होती. आतल्या बाजूला चेहरा उलटा, पाठीमागच्या बाजूला सुलटा, हे सगळ्याच पोरांना माहीत असतं. पण हिने चमच्याच्या आत बोट जवळ जवळ नेलं आणि ओरडली, आई, अगदी जवळ नेलं की सुलटं होतंय! सासूबाई म्हणत होत्या आधी जेव, पण वरण गार झालं तरी तिचं बोट पुढे-मागे चालूच, उलट्याचं सुलटं नेमकं कुठे होतं ते बघायला. आता हे कुठल्या ठशात उमटणार? ठसे आईच्या पोटातच ठरतात आणि जन्मभर तसेच राहतात, त्यांच्यावरून बुद्धी कळते याला काहीही शास्त्रीय आधार नाही.

ठसे सोडा, साध्या आयक्यूनेही हे जमलेलं नाही. अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1921 पासून जास्त आयक्यूची दीड हजारच्या आसपास मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर अभ्यास केला, त्यातल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. आणि आयक्यू कमी पडला म्हणून ज्यांना घेतलं नाही त्यात शॉकली आणि अल्वारेझ होते, दोघांनाही पुढे फिजिक्सचं नोबेल, 1956 आणि 1968 ला.

मला विचाराल तर जीनियस माणसं वेगळी ठरतात ती जुळत नाही ते सोडून देत नाहीत म्हणून. खगोलशास्त्रज्ञ केपलरचं मंगळाच्या कक्षेचं गणित टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाने घेतलेल्या निरीक्षणांशी फक्त 8 कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकत होतं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग. दुसऱ्या कुणी चालतंय म्हटलं असतं, याने स्वतःची कित्येक महिन्यांची मेहनत टाकून दिली आणि शेवटी ग्रहाची कक्षा लंबवर्तुळ आहे इथपर्यंत पोचला, 1609 मध्ये छापलं. आणि आपले रामन! 1921 साली बोटीने इंग्लंडहून परत येताना भूमध्य समुद्राचा निळा रंग बघितला. तो आकाशाचं प्रतिबिंब आहे असं रॅलेसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने सांगून ठेवलेलं, पण यांनी जवळच्या निकोल प्रिझम नावाच्या स्फटिकाने पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवून पाहिला, तरी निळा राहिलाच, उलट आणखी गडद. तिथून सुरू झालेलं काम 28 फेब्रुवारी 1928 ला रामन परिणामापर्यंत गेलं, म्हणजे पदार्थातून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो या शोधापर्यंत. म्हणून तर तो विज्ञान दिन. त्या दिवशी पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था आयुका सगळ्यांसाठी खुली ठेवतात, पोरांना तिथे न्या, मनसोक्त प्रश्न विचारू द्या.

टेस्ट करू नका, कळकळीने सांगतेय. रिपोर्ट मी कपाटात ठेवून दिलाय, लेकीला दाखवला नाही. काल तिने आमटीचा डाव मागून घेतला आणि पट्टी लावून बसली, म्हणे डावात बोट चमच्यापेक्षा बरंच लांब असतानाच सुलटं होतं, असं का?