नाकातून ऑपरेशन आणि आमचे ६० हजार

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण परवा बडोद्यात कारेलीबागेतल्या एका ओळखीच्यांना आम्हाला आला होता तस्साच, ऑपरेशनसाठी आधी पैसे मागणारा फोन आला म्हणून लिहितोय.

आमच्या हिची पाळी सात-आठ महिने बंद होती, डोकं दुखायचं आणि मूलबाळ नसताना छातीतून दूध यायला लागलं, हे तर ती मलाही सांगायला लाजत होती. एमआरआय केला तर पिट्युटरीत (मेंदूच्या तळाशी असलेली हॉर्मोनची छोटी ग्रंथी) ७ मिलिमीटरची गाठ. मेंदूत गाठ म्हटल्यावर पुढचं कोण वाचतंय! त्याच संध्याकाळी एकाचा फोन, म्हणे एका मोठ्या हॉस्पिटलचा कोऑर्डिनेटर. नंबर कुठून मिळाला हे विचारायचं सुचलंच नाही (एमआरआयच्या फॉर्मवर आम्हीच लिहिला होता ना). वर अस्सल बडोद्याची मराठी, "दादा, मी पण दांडिया बाजारचाच, आपल्या माणसाला फसवीन का?"

घरी आला, चहा प्यायला, माझंच बॉलपेन स्वतःच्या नाकाशी धरून दाखवलं की दुर्बीण अशी आत जाते, कवटी उघडायला लागत नाही. आता हे खरंच आहे हो, पिट्युटरीची बहुतेक ऑपरेशनं नाकातूनच होतात, म्हणून तर आम्ही गंडलो. मग म्हणाला डोळ्याची नस दाबली जातेय, आठवड्यात दिसायचं बंद होईल, मुंबईचे सर्जन फक्त गुरुवारी येतात, स्लॉट धरायला ६० हजार आत्ता टाका. आयुष्मान कार्ड काढलं तर "याला ते चालत नाही". साफ खोटं, न्यूरोसर्जरी त्यात येते, १४५५५ वर फोन करून विचारता येतं. मी पैसे टाकले, तेही हॉस्पिटलच्या नाही, कुणाच्यातरी पर्सनल खात्यात. पिवळ्या कागदावर पावती दिली, त्यावर शिक्का सोडा, हॉस्पिटलचं नाव पण नव्हतं.

गुरुवारी गेलो तर काउंटरवर आमचं नावच नाही. ही तिथल्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसली, सकाळपासून उपाशी.

शेवटी मेहुण्याने हॉर्मोनवाल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) केलंय का? तोपर्यंत कुणी रक्ताची एक टेस्ट सांगितली नव्हती! केलं तर १४२, बायकांमध्ये साधारण २५ पर्यंत असतं. म्हणाले हा प्रोलॅक्टिनोमा, म्हणजे हेच हॉर्मोन जास्त बनवणारी गाठ, यात आधी गोळ्याच देतात, ऑपरेशन गोळ्यांनी भागलं नाही किंवा सोसल्या नाहीत तर. आणि १० मिलिमीटरच्या आतली गाठ सहसा डोळ्याच्या नसेपर्यंत पोचतच नाही. रिपोर्टमध्ये ७ लिहिलेलं, आमच्या हातातच होतं ते.

कॅबर्गोलिन चालू आहे, आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी, रात्री जेवणानंतर, नाहीतर मळमळतं. तिसऱ्या महिन्यात पाळी आली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली पण अकरा दिवसांनी, लाजेपायी, तोवर त्या खात्यातून पैसे पुढे गेलेले. त्याच्या डीपीवर सुरसागर तलावातले महादेव अजून आहेत, मेसेजला दोन निळ्या टिका येतात, उत्तर नाही.