भुरीला दवाखान्यात न्यायच्या आधी गोळी : श्रावणापासूनचा आमचा अनुभव

गेल्या श्रावणापासून आम्ही आमच्या कुत्रीला, भुरीला, दवाखान्याची भीती कमी करणारी गोळी घरूनच देऊन डॉक्टरकडे नेतोय. आता उन्हाळा लागला, म्हणजे बऱ्यापैकी महिने झाले, तर जे दिसलं ते लिहिते. डोस मुद्दाम लिहीत नाहीये, कारण आपल्याकडे एकाने मिलिग्रॅम लिहिला की दुसरा तोच आकडा मेडिकलवाल्याला दाखवून मोकळा होतो. गोळीचं नाव वाचून स्वतःच सुरू करू नका एवढंच, बाकी सगळं सांगते.

भुरी गावठी, सहा वर्षांची, १८ किलोच्या आसपास, नसबंदी झालेली. घरात इतकी गरीब की मांजर तिच्या ताटलीतलं खाऊन जातं. पण दवाखान्याचं गेट दिसलं की अंगात वारं शिरल्यासारखी. थरथर, लाळ, टेबलावर उचलून ठेवलं की शू, आणि कानाला हात लागला की सरळ दात. आणि नेमका तिला कानाचाच त्रास, पावसाळ्यात हवा दमट झाली की कानात यीस्ट होतं, वास मारतो, खाजवून खाजवून रक्त काढते. म्हणजे वर्षातून एकदा रेबीजची लस टोचली आणि विसरलो असा मामला नाही, वरचेवर जावंच लागतं. आधीच्या दवाखान्यात एकच उपाय होता, "घट्ट धरा", दोघं जण धरणार, तोंडाला पट्टी, आणि काम उरकणार. काम व्हायचं, पण पुढच्या वेळेला ती गेटच्या ऐवजी आसरा चौकापासूनच थरथरायला लागायची.

नवीन डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत कान बघितलाच नाही. म्हणाल्या आज काही तातडीचं नाहीये, परत या, आणि येताना हिला औषध देऊन आणा. दोन औषधं लिहून दिली, ट्रॅझोडोन आणि गॅबापेंटिन. दोन्ही मूळची माणसांची, पहिलं डिप्रेशनसाठी निघालेलं, दुसरं फिट आणि नसांच्या दुखण्यासाठी. सासूबाईंनी चिठ्ठी बघितली आणि "कुत्र्याला झोपेच्या गोळ्या द्यायलीस व्हय गं, आम्हाला गुडघ्याची गोळी आणायला चार दिवस लागतात तुला" हे ऐकवलंच. त्यांचंही चूक नाही म्हणा.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला आधी कोणी सांगितली नव्हती. जनावर शांत दिसणं वेगळं आणि त्याची भीती कमी होणं वेगळं. आधीच्या दवाखान्यात एकदा तिला अ‍ॅसेप्रोमाझिन हे गुंगीचं औषध दिलं होतं, त्याने ती टेबलावर गपगार पडली, सगळे खूश, पण डोळे उघडे, कान मागे, छाती धडधड. डॉक्टरबाईंनी नंतर समजावलं की ते औषध अंग ढिलं करतं, रक्तदाब खाली आणतं, पण भीतीवर त्याचा फारसा जोर नाही, काही जनावरं तर आवाजाला उलट जास्त दचकतात. म्हणजे हलता येत नाही पण कळतंय सगळं. नुसतं तेवढंच देऊन काम उरकलं तर पुढच्या खेपेला भीती वाढलेली असते, आणि आमच्याकडे तसंच झालं होतं. आता जे देतो त्यात ती झोपत नाही. चालते, शेपटी हलवते, हाक मारली की बघते, फक्त तो ताण वर चढत नाही.

पहिली ट्रायल घरीच करायला सांगितली होती, काही काम नसलेल्या दिवशी. हे टाळू नका. औषध कुणाला किती चढेल आधी सांगता येत नाही, आणि काही कुत्र्यांना उलटंच होतं, शांत व्हायच्या ऐवजी येरझाऱ्या घालतात, ते घरी कळलेलं बरं. भुरीला तास दीड तास काहीच झालं नाही, मी म्हटलं गेले पैसे, मग हळूहळू मागचे पाय लटपटायला लागले, डोळ्याच्या कोपऱ्यातून ती आतली पांढरी पापणी दिसायला लागली, आणि भूक अशी लागली की सासूबाईंच्या शेंगा चटणीच्या बरणीपाशी जाऊन बसली. जिना बंद केला होता म्हणून बरं, नाहीतर गडगडलीच असती. दुपारी झोपली, रात्रीपर्यंत नॉर्मल. डॉक्टरबाईंना व्हिडिओ पाठवला, त्यांनी गॅबापेंटिन थोडं कमी केलं, तेव्हापासून लटपट नावालाच.

आता मेडिकलचा किस्सा. गॅबापेंटिन मागितलं की आपल्याकडे बहुतेक वेळा जोडगोळी हातात ठेवतात, सोबत मिथाइलकोबालामिन (बी-१२ व्हिटॅमिन) असलेली किंवा नॉरट्रिप्टिलिन असलेली, कारण माणसांना तीच जास्त खपते. मला सात रस्त्याजवळ एकाने नॉरट्रिप्टिलिनवालीच दिली होती, "सेमच आहे मॅडम" म्हणून. सेम नाही. नॉरट्रिप्टिलिन हे डिप्रेशनचं वेगळं औषध आहे, त्यात ट्रॅझोडोन पण चालू, म्हणजे दोन्ही एकाच बाजूने ओढणार. पाकिटावर घटक वाचा, एकच नाव पाहिजे. आणि कॅप्सूलच घ्या, माणसांच्या गोड पातळ औषधांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असू शकतं, त्याने कुत्र्याची शुगर एकदम खाली जाते आणि लिव्हरला पण धोका असतो.

अजून एक, जे आपल्या भागात सगळ्यांना लागू आहे. गोचीड. सोलापुरात गोचिडाचा त्रास नाही असं कुत्रं मी पाहिलं नाही, आणि बहुतेक जण अमिट्राझचं औषध पाण्यात घालून आंघोळ घालतात. डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न हाच होता, शेवटची गोचिडाची आंघोळ कधी घातली. अमिट्राझ आणि ट्रॅझोडोन जवळजवळ नको म्हणाल्या, दोन्ही मिळून शरीरातलं सेरोटोनिन नावाचं रसायन जास्त वाढू शकतं, शिवाय अमिट्राझने स्वतःनेच गुंगी येते, हृदयाचे ठोके मंदावतात. आम्ही आता गोचिडाची गोळी वेगळी देतो, आंघोळ बंद. दुखण्यावर ट्रामाडोल चालू असेल तर तेही सांगा. अ‍ॅसिडिटीचं ते गुलाबी औषध सुद्धा, त्याने गॅबापेंटिन नीट शोषलं जात नाही. थोडक्यात घरात जे काही पोटात किंवा अंगावर गेलंय ते सगळं बोला, लाजू नका.

वेळेचं गणित आमचं असं बसलंय, आदल्या रात्री एक डोस, आणि दुसऱ्या दिवशी निघायच्या दोन तास आधी एक. पट्टा, पिशवी, ऑटोचा आवाज, यातलं काहीही तिला कळायच्या आत पोटात गेलं पाहिजे. एकदा घाबरली की मग गोळी घातली तरी उपयोग नसतो, भीतीचा जोर औषधाला पुरून उरतो. गॅबापेंटिनची पावडर कडूजार, कॅप्सूल फोडून चाटवायला गेलं तर फेस काढते, म्हणून अख्खी कॅप्सूल उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्यात दाबून. आधी एक रिकामा घास, मग औषधाचा, मग लगेच तिसरा दाखवायचा, म्हणजे मधला चावत बसत नाही. भाकरी-तुपात पण चालतं, पण भुरी तूप चाटून भाकरी ठेवते. तेवढी हुशार आहे.

पहिल्यांदा औषध देऊन नेलं तेव्हा ऑटोवाले काका दोनदा मागे वळून बघितले, "लय गप बसलीय आज, आजारी हाय काय?" टेबलावर न ठेवता डॉक्टरबाई खाली फरशीवर बसल्या, मी चिकन चाटवत राहिले, आणि कान बघून, साफ करून, ड्रॉप घालून झालं. पट्टी लागली नाही. मी बाहेर येऊन रडले, हे सांगायला काही वाटत नाही.

पण दरवेळी असं झालं नाही. दिवाळीच्या सुमारास गेलो तेव्हा नंबरला ही गर्दी, बाकावर बसून बसून दीड तास गेला, शेजारी एक जर्मन शेफर्ड सतत भुंकत होता, बाहेर कुणीतरी लवंगी लावली, आणि भुरीचं सगळं उतरलं. थरथर सुरू. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी हातच लावला नाही, घरी पाठवलं. मला राग आला होता, पैसे, ऑटो, रजा सगळं गेलं, पण त्यांचं म्हणणं आज जबरदस्ती केली तर मागचं सगळं धुऊन निघेल. तेव्हापासून आम्ही फोन करून शेवटचा नंबर घेतो आणि बोलावेपर्यंत बाहेर ऑटोतच बसतो, काकांना वेटिंगचे वेगळे देतो. खरं सांगू, औषधाचा खर्च मामुली आहे, भाडंच जास्त होतं.

जानेवारीत अजून एक फायदा झाला. इथल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतलं होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम आमच्या माहेरच्या गच्चीवरून दिसतं, आणि भुरीसाठी ती रात्र म्हणजे पलंगाखालची. डॉक्टरबाईंना विचारून त्या संध्याकाळी पण दिलं, खिडक्या बंद, कूलरचा पंखा नुसता आवाजासाठी चालू. पलंगाखाली गेली, पण हाक मारली की बाहेर येऊन खाऊन परत जायची, आधी तोंडाला पाणी लावत नव्हती.

मांजरवाल्यांसाठी थोडं. नणंदेच्या बोक्याला तिने नुसतं गॅबापेंटिन दिलं, मांजरांत हेच जास्त चालतं. अमेरिकेत २०१७ साली २० मांजरांवर अभ्यास झाला होता, पिंजऱ्यात घालायच्या दीड तास आधी एक डोस, आणि प्रवासात आणि तपासणीत ताण कमी दिसला. २०२३ मध्ये तर तिकडे प्रीगाबालिन, म्हणजे गॅबापेंटिनच्याच जातीचं, पातळ औषध खास मांजरांच्या प्रवास आणि दवाखान्याच्या भीतीसाठी मंजूर झालं. बोका संध्याकाळपर्यंत दारुड्यासारखा चालत होता, ओट्यावर उडी मारायला गेला आणि चुकला, तर त्या दिवशी उंच जागा बंद ठेवा, बाहेर सोडू नका. मांजर म्हातारं असेल, किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, हे औषध किडनीवाटेच बाहेर पडतं.

स्वतःची अल्प्राझोलाम (माणसांची घाबरण्यावरची गोळी) अर्धी करून कुत्र्याला देणारे आमच्याच कॉलनीत दोन आहेत. त्या जातीच्या गोळीने काही कुत्र्यांची भीती जाते पण सोबत आवर पण जातो, जो कुत्रा भीतीने गप होता तो चावतो. आणि पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्यांना तर गुंगीचं काहीही विचारल्याशिवाय नकोच, श्वासाचीच आधी बोंब असते.

उन्हाळ्याचं पण बघा. आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो आणि गुंगीतल्या जनावराला स्वतःचं अंग थंड ठेवणं नीट जमत नाही. आम्ही आता सकाळी आठच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर, ओला टॉवेल आणि पाणी बरोबर. पाणी पण थोडं थोडं, गुंगीत वाटीभर समोर ठेवलं की ठसका लागतो.

न जमलेलं पण सांगते. नखं. कान बघू देते, रक्त काढू देते, मागच्या महिन्यात गोचीड तापाची शंका होती तेव्हा पुढच्या पायातून रक्त काढलं, हूं की चूं नाही. पण नखाचं कटर दिसलं की औषध आहे का नाही कळतच नाही. डोस वाढवून बघू का विचारलं तर नाही म्हणाल्या, गोळी वाढवत बसण्यापेक्षा तिथे सरळ इंजेक्शनची गुंगी देऊ, डेक्समेडेटोमिडिन आणि ब्युटोर्फॅनॉल, काम झालं की पहिल्याला उतरवणारं दुसरं इंजेक्शन असतं, म्हणजे थोड्या वेळात उभी राहते. बऱ्याच ठिकाणी झायलाझिन देतात, त्याने कुत्र्यांना उलट्या होतात, भुरीला नसबंदीच्या वेळी झाल्या होत्या. इंजेक्शनसाठी उपाशी पोटी न्यायचं, आधी रक्त तपासून लिव्हर-किडनी बघणार, आणि घरून काय दिलं, किती वाजता दिलं हे चिठ्ठीवर लिहून आणायला सांगितलंय, कारण पोटात आधीच औषध असेल तर इंजेक्शन कमी लागतं. नखं, खोल कान आणि मागच्या दाढेवरचं किटण, तिन्ही एकाच गुंगीत उरकायचं ठरलंय, पाऊस सुरू व्हायच्या आत. दरम्यान चांगली बातमी, नुसत्या वजनाला न्यायचं असलं की आता आम्ही गोळी देतच नाही. काट्यावर चढते, चिकन खाते, आणि परत ऑटोत.