टीबो की बरो?

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमधला सर्वोत्तम क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कोण, यावर अमेरिकेत वाद हमखास रंगतो. फ्लोरिडा विद्यापीठाच्या टिम टीबोने 2007 मध्ये, कॉलेजच्या दुसऱ्याच वर्षी, हाइजमन ट्रॉफी, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, पटकावली. त्या मोसमात 32 टचडाउन पास (ज्यावर सहकारी चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवतो), वर स्वतः पळत 23! दोन-तीन यार्ड हवे असले की चेंडू छातीशी कवटाळून हा गडी सरळ बचावफळीत घुसायचा. जो बरोचं उलट. ओहायो स्टेट विद्यापीठात बाकावरच बसून राहिला, मग 2018 मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गेला. 2019 च्या मोसमात 60 टचडाउन पास, हाइजमन, 15 पैकी 15 विजय आणि राष्ट्रीय विजेतेपद. अख्खी कॉलेज कारकीर्द पाहिली तर टीबो भारी. पण एकच मोसम निवडायचा तर मी डोळे झाकून बरो म्हणेन. पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये टीबोची डाळ फार काळ शिजली नाही, पण तो हिशेब वेगळा.