डेल्टा बाजूला झिगझॅग आणि एनजीआर : नऊ महिने वापरल्यानंतर

ट्रान्सफॉर्मर ३३/११ केव्ही, १० एमव्हीए. ११ केव्ही बाजू डेल्टा (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली), म्हणजे अर्थ करायला न्यूट्रलच, तिन्हींचा सामाईक बिंदूच नाही. त्यामुळे त्या बाजूला झिगझॅग अर्थिंग ट्रान्सफॉर्मर (कृत्रिम न्यूट्रल देणारा) आणि त्याच्या न्यूट्रलमध्ये ३०० अँपिअर, १० सेकंदांचा रेझिस्टर (एनजीआर, फॉल्टचा करंट आवरणारा) बसवला. एक कोपरा सरळ अर्थ करणं लघुदाबावर चालतं. ११ केव्हीला तो विचार सोडा, उरलेले दोन फेज कायमचे ११ केव्हीवर राहतात.

आधी सगळी भिस्त ओपन डेल्टा पीटीवर (तिन्ही फेजच्या व्होल्टेजची बेरीज दाखवणाऱ्या मापन ट्रान्सफॉर्मरवर) होती. अर्थ फॉल्ट (फेज जमिनीला लागणं) झाल्याचं रिले, म्हणजे दोष ओळखणारं उपकरण, सांगायचा; कुठल्या फीडरवर (बाहेर जाणाऱ्या लाइनवर) ते नाही. एकेक फीडर पाडून शोध चालायचा आणि तोवर धड फेजवर ६.३५ ऐवजी ११ केव्ही. कच्चा जॉइंट तिथेच फुटून एकाचे दोन फॉल्ट व्हायचे. आता दोषी फीडर तेवढा सुटतो (आपोआप बंद होतो). धड फेजचं व्होल्टेज आजही चढतं, पण अर्ध्या सेकंदापुरतं. पैसे वसूल.

हिशेब सोपा : ६३५० ÷ ३०० = सुमारे २१.२ ओहम, झिगझॅगच्या प्रत्येक फेजमधून १०० अँपिअर. हे ३०० अँपिअर सगळ्या केबलच्या एकूण चार्जिंग करंटपेक्षा जास्त हवेत, नाहीतर ठिणग्या मारणाऱ्या फॉल्टवर व्होल्टेज उसळतं.

खरा ताप सीटीच्या (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) जोडणीत आहे. झिगझॅग ट्रान्सफॉर्मरचं बुशिंग आणि इन्कमर (११ केव्ही बसबारचा मुख्य ब्रेकर) यांच्या मध्ये बसवलाय, म्हणजे तो डिफरेन्शियलच्या (आत येणारा आणि बाहेर जाणारा करंट ताडून पाहणाऱ्या रिलेच्या) हद्दीत आला. बाहेरच्या अर्थ फॉल्टला दर फेजमागे १०० अँपिअरचा फरक रिलेला दिसतो. फुल लोड करंट ५२५, म्हणजे १९ टक्के. पिकअप (रिले चालायची मर्यादा) २० टक्के, म्हणजे अगदी काठावर. फॉल्ट तोच, पण लोड कमी असताना ट्रान्सफॉर्मर कधी सुटतो, कधी नाही. रिलेतला ११ केव्ही बाजूचा झीरो सिक्वेन्स फिल्टर (तिन्ही फेजमधला सारखा करंट वगळणारा) चालू करा, हा खेळ थांबतो. झिगझॅगला बसबारवर स्वतःचा ब्रेकर देऊन ही कटकट टळते, पण तो ब्रेकर सुटला की सिस्टीम पुन्हा बिनअर्थची. मग इन्कमरशी इंटरट्रिप (एक सुटला की दुसराही सोडणारी जोडणी) हवाच.

दुसरी नेहमीची चूक सीबीसीटीची, म्हणजे अख्खी केबल ज्याच्या छिद्रातून जाते त्या सीटीची. केबलची स्क्रीन (धातूचं आवरण) सीबीसीटीतून वर गेली असेल तर तिची अर्थ वायर त्याच छिद्रातून खाली आणून मग अर्थबारला जोडा. नाहीतर जाणारा आणि स्क्रीनमधून परतणारा करंट एकमेकांना खातात, रिले आंधळा होतो. स्क्रीन छिद्राखालीच संपत असेल तर मात्र वायर आतून नेऊ नका.

सेटिंग ३०० च्या काठावर ठेवू नका : एनजीआरची ग्रिड (रेझिस्टरच्या धातूच्या पट्ट्या) तापली की ओहम वाढतात, करंट उतरतो. फीडरला ३० अँपिअर ठेवलेत, न्यूट्रलच्या बॅकअपला (फीडर सुटला नाही तर चालणाऱ्या रिलेला) ६०, वेळ जास्त.

एनजीआर तुटला तर कुठलाच अलार्म येत नाही. पुढच्या फॉल्टलाच कळतं. पावसाळ्याआधी आणि नंतर शटडाऊन घेऊन ओहम मोजा, ग्रिडचे बोल्ट आवळा, पेटीच्या जाळ्या आणि दोन्ही अर्थ पिटच्या पट्ट्या तपासा.