जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा ऑब्चुरेटर: कोणता निवडावा?

कर्करोगामुळे, किंवा २०२१ मध्ये महाराष्ट्रात अनेकांच्या वाट्याला आले त्याप्रमाणे म्युकरमायकोसिस या काळ्या बुरशीच्या आजारामुळे, वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला की तोंड आणि नाक यांच्यातली भिंतच नाहीशी होते. प्यायलेले पाणी नाकातून येते आणि ‘बाबा’ म्हटलेले ‘मामा’ असे ऐकू जाते. हे भगदाड बुजवणारी कवळी म्हणजे ऑब्चुरेटर. शस्त्रक्रियेवेळी टाळूवर बसवलेली पट्टी आणि नंतरची तात्पुरती कवळी यांत रुग्णाच्या निवडीला फारसा वाव नसतो. खरा निर्णय जखमेचा आकार स्थिरावल्यावर, कायमची कवळी करताना घ्यायचा असतो.

भगदाडात शिरणारा भाग भरीव असला तर कवळी स्वतःच्या वजनाने खाली सरकते, म्हणून तो पोकळ करतात. वरून उघडा ठेवलेला भाग दुरुस्तीला सोपा असतो, परंतु त्या वाटीत नाकातला स्राव साचून दुर्गंधी येते आणि तो वारंवार धुवावा लागतो. झाकण लावून बंद केलेल्या भागात हा त्रास नसतो. मात्र सांध्यातून पाणी झिरपले तर ते आत अडकते. ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना दुसऱ्याच्या मदतीवर अवलंबून राहावे लागते, त्यांनी बंद प्रकारच घ्यावा, असे मला ठामपणे वाटते.

कोबाल्ट-क्रोमियमचा ओतीव सांगाडा टाळूवर पातळ बसतो आणि जिभेला जागा देतो, पण तो महाग असतो आणि त्याला धरायला भक्कम दात लागतात. जखमेचा आकार अजून बदलत असेल, तर तारांच्या आकड्यांची अ‍ॅक्रिलिकची कवळी बरी. दात जवळजवळ नसतील आणि भगदाड मोठे असेल, तर पायातील फिब्युला हाड वापरून होणाऱ्या पुनर्रचनेचा विचार आधी करावा. ती शस्त्रक्रिया दीर्घ असते, पण अशा तोंडात कवळीला आधारच सापडत नाही.

कवळी घरी नेण्यापूर्वी ताठ बसून घोटभर पाणी प्यावे, मग नाकाखाली छोटा आरसा धरून ‘बाबा’, ‘पोपट’, ‘काका’ म्हणावे. आरशावर वाफ धरली, तर हवा निसटते आहे. ‘मामा’, ‘नाना’ म्हणताना मात्र वाफ धरलीच पाहिजे. ती न धरल्यास कवळीने नाकाची वाट अडवली असण्याची शक्यता असते आणि तो भाग थोडा घासून घ्यावा लागतो.