किल्लीचा सेल: सर्व्हिस सेंटर, घड्याळवाला की घरच्या घरी?

गाडी सुरू करताना मीटरवर किल्लीचा सेल उतरल्याचा मेसेज दिसायला लागला की प्रश्न एकच उरतो, सेल बदलायचा कुठे? बटण-स्टार्टची गाडी घेतल्यापासून मी तिन्ही वाटांनी गेलो आहे. सर्व्हिस सेंटर झालं, घड्याळवाला झाला, आता घरीच करतो. काम तिन्हीकडे होतं, तेव्हा कुणाला चूक ठरवायचं कारण नाही. पण आमच्या घरात गाडी दोघं चालवतात आणि किल्ल्या दोन आहेत. माझं पारडं झुकलं ते त्यामुळेच.

आधी घाई किती करायची ते बघू. मेसेज आला म्हणजे किल्ली उद्याच बंद पडेल असं नाही. हा लिथियम सेल बराच काळ तीन व्होल्टच्या आसपास टिकून असतो आणि शेवटी झपकन खाली येतो. म्हणजे हातात थोडे दिवस असतात, पण थोडेच. थंडीत मात्र हमखास फसगत होते. आमच्या नाशिककडे, निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत, सकाळी मेसेज येतो आणि दुपारी नाहीसा होतो. गारठ्यात सेलचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे किल्लीनं सिग्नल सोडला की व्होल्टेज बसतं आणि ऊन चढल्यावर सावरतं. मेसेज गेला म्हणून सेल सुधारला असं धरून चालू नका. मल्टिमीटरवरही फार विसंबू नये, कारण भार नसताना उतरलेला सेलसुद्धा धडधाकट दिसतो.

आणि सेल पुरता संपला तरी माणूस अडकत नाही. या रिमोट-किल्लीच्या पोटात धातूची छोटी किल्ली असते, तिनं दार उघडतं. इंजिनासाठी किल्लीत जी इमोबिलायझरची, म्हणजे ओळख पटल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, चिप असते तिला सेल लागत नाही, गाडीकडूनच तिला तेवढी ऊर्जा मिळते. ह्युंदाईत किल्लीनंच स्टार्ट बटण दाबायचं, टोयोटात किल्लीची बोधचिन्हाची बाजू बटणाला टेकवायची. काही गाड्यांत किल्ली ठेवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. हे माहीत असलं की धास्ती जाते आणि सेल कुठे बदलायचा ते शांतपणे ठरवता येतं.

सर्व्हिस सेंटरचं मोठं बलस्थान म्हणजे त्यांना किल्ली उघडता येते. रोज त्याच कंपनीच्या किल्ल्या हातात असल्यामुळे कुठल्या खाचेत काय घालायचं हे त्यांना पाठ असतं, क्लिप तुटत नाही, कडेला चरे पडत नाहीत. सर्व्हिसची तारीख जवळ आली असेल तर तिथेच सांगून टाकणं सोयीचं. माझा अनुभव मात्र असा की किल्ली आत जाते, परत येते आणि आत कुठला सेल गेला ते कळत नाही. बिलावर नुसतं ‘बॅटरी’ लिहिलेलं असतं. एकदा तर पुढच्या सर्व्हिसच्या बऱ्याच आधी मेसेज पुन्हा हजर झाला. सेल जुन्या स्टॉकमधला होता, की किल्लीतच काही दोष होता, की आणखी काही? सांगणारं कुणी नव्हतं, कारण काय घातलं आणि ते किती जुनं होतं याची नोंदच नव्हती.

घड्याळवाल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मेन रोडच्या बाजूच्या गल्लीत मी ज्यांच्याकडे जायचो ते काका किल्ली हातात घेतली की आधी तिची शिवण नखानं चाचपायचे, मग प्लॅस्टिकची पातळ पट्टी आत सरकवून हलकेच फिरवायचे. सेल काढल्यावर आतल्या पितळी पत्त्या कोरड्या कापडानं पुसायच्या, मगच नवा बसवायचा. एवढी निगा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी तरी पाहिली नाही. पण सगळेच दुकानदार असे नसतात. अनेक ठिकाणी सुटे सेल एकाच डबीत एकमेकांना खेटून पडलेले असतात आणि तसे पडल्या पडल्याच ते थोडे थोडे उतरत असतात. त्यामुळे घड्याळवाल्याकडे जायचं तर सीलबंद पाकीट समोर फोडायला सांगा आणि त्यावरची तारीख बघून घ्या. चांगला दुकानदार यानं रागवत नाही. एक खूण लक्षात असू द्या: सोनीनं आपला सेलचा व्यवसाय 2017 मध्ये मुराताला विकला. त्यामुळे आज ‘सोनी’ छापलेला सेल कुणी पुढे केला, तर तो किती वर्षांचा असेल हा प्रश्न जरूर विचारा.

आता ज्या कटकटीमुळे मी घरी सेल बदलायला लागलो ती सांगतो. मेसेज किल्लीचा असतो, पण कुठल्या किल्लीचा ते आमच्या गाडीचा मीटर सांगत नाही. त्या वेळी गाडीशी जी किल्ली बोलत असते, तिच्याबद्दलची ती तक्रार असते. मी माझ्या किल्लीचा सेल बदलून आणायचो, मेसेज थांबायचा. दोन दिवसांनी बायको तिची किल्ली घेऊन निघायची आणि ऑफिसमधून फोन, “अरे, सेल बदललास ना? मग हे परत का दाखवतंय?” मला वाटायचं नवा सेलच खराब निघाला. दोघं एकत्र निघालो आणि दुसरी किल्ली तिच्या पर्समध्ये असली की तर काहीच अंदाज लागायचा नाही. सर्व्हिस सेंटरवाला काय किंवा घड्याळवाला काय, समोर ठेवलेल्या किल्लीचंच काम करणार. घरी राहिलेल्या दुसऱ्या किल्लीला त्यांच्या हिशेबात जागाच नसते. आणि त्या किल्लीचं वय तेवढंच असतं. कपाटात पडून राहिली म्हणून तिचा सेल ताजा राहत नाही, कारण गाडीच्या हाकेसाठी ती सतत कान देऊन असते. दारालगतच्या खुंटीवर टांगलेली आणि भिंतीपलीकडेच गाडी उभी, असं असेल तर सेल आणखी लवकर उतरतो.

घरी मी दोन्ही किल्ल्या एकाच बैठकीत उघडतो, एकाच पाकिटातले दोन सेल घालतो आणि झाकणाच्या आतून तारीख लिहिलेली कागदाची बारीक चिठ्ठी चिकटवतो. पुढे कधीही मेसेज आला की कुठली किल्ली, कुठला सेल, कधीचा, हे सगळं समोर असतं. माझ्यासाठी तराजू इथेच झुकतो. पैशांची बचत होते, पण ती किरकोळ आहे, तिच्यासाठी कुणी हा खटाटोप करू नये.

करायला घेतलंत तर थोडं सांभाळा. जुन्या सेलवर जो नंबर असेल तोच आणा. सीआर 2032 म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी. 2025 तेवढाच रुंद पण 2.5 मिलिमीटर जाड. दुकानदार ‘हाही चालतो’ म्हणाला तरी तो सैल बसतो आणि खड्ड्यातून गाडी गेली की संपर्क सुटतो. एलआयआर 2032 हा चार्ज होणारा सेल दिसतो तसाच, पण त्याचं व्होल्टेज जास्त असतं, तो घालू नका. धातूची किल्ली काढली की तिच्या जागेत सहसा एक खाच दिसते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून खाचेत घाला आणि मनगटानं फिरवा, उचकटू नका. सेल काढण्याआधी फोटो काढा म्हणजे अधिकची बाजू वर होती की खाली याचा घोळ होत नाही. नवा सेल कडेनं धरा. काही कंपन्या मुलांनी गिळू नये म्हणून सेलवर कडू लेप देतात. असा सेल घालूनही किल्ली मुकी राहिली तर सेल वाईट ठरवण्याआधी तो कोरड्या कापडानं पुसून, किंचित फिरवून पुन्हा बसवून पाहा. सेल बदलल्यावर बहुतेक किल्ल्यांना नव्यानं प्रोग्रॅमिंग लागत नाही.

आणि जुना सेल बाहेर आहे तोवर खाली पार्किंगमध्ये जाऊन या. बिनसेलची किल्ली बटणाला टेकवून गाडी सुरू होते का ते बघा, धातूच्या किल्लीनं दार उघडून बघा. रात्री कसारा घाटाच्या अलीकडे एखाद्या ढाब्याबाहेर ते शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ही संधी फक्त घरी सेल बदलणाऱ्यालाच मिळते.

टोयोटावाल्यांसाठी थोडं वेगळं. त्यांच्या मॅन्युअलमध्ये सेलचं आयुष्य एक ते दोन वर्षं धरलेलं आहे आणि टीव्ही, मोबाइलचा चार्जर, इंडक्शन शेगडी यांच्यापासून किल्ली मीटरभर लांब ठेवायला सांगितलं आहे. जी किल्ली फारशी वापरत नाही तिचं लॉकचं बटण दाबून धरायचं आणि अनलॉकचं दोनदा दाबायचं. दिवा चार वेळा लुकलुकला की किल्ली सेल वाचवण्याच्या अवस्थेत जाते.

तरीही काही वेळा मी सर्व्हिस सेंटरच सुचवेन. किल्ली पाण्यात पडली असेल, किंवा सीलबंद नवा सेल घालूनही अगदी दाराशी गेल्याशिवाय गाडी उघडत नसेल, तर दोष सेलचा नाही. किल्ली वॉरंटीत असेल तर उघडूच नका. आणि घरात रांगतं मूल असेल तर माझी आवड बाजूला ठेवा. हा नाण्याएवढा सेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते, आणि उतरलेल्या सेलमध्येही तेवढा जोर उरलेला असतो. नुसती शंका आली तरी मुलाला उलटी करायला न लावता थेट हॉस्पिटल गाठायचं. अशा घरानं घड्याळवाल्याकडे जावं, जुने सेल तिथेच सोडून यावे आणि जाताना दोन्ही किल्ल्या बरोबर न्याव्यात.