परदेशातून दत्तक: 'कारा'ची प्रक्रिया आणि आमचा अनुभव

न्यू जर्सीत राहून पुण्यातील एका संस्थेतून साडेचार वर्षांची मुलगी आम्ही दत्तक घेतली, त्याला आता दीड वर्ष झाले. हे दत्तक 'कारा' या भारत सरकारच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत होते. याच वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी त्या प्रक्रियेचे हे परीक्षण लिहीत आहे.

परदेशात राहणाऱ्यांना भारतातील संस्थेशी परस्पर व्यवहार करता येत नाही. आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या 1993च्या हेग करारानुसार आधी आपण राहतो त्या देशातील मान्यताप्राप्त दत्तक संस्थेकडून गृह अध्ययन (आपल्या घराची आणि कुटुंबाची पाहणी) करून घ्यावे लागते आणि मग तिच्यामार्फत 'कारा'च्या केअरिंग्स या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी होते. मुलीची माहिती आली तेव्हा निर्णयासाठी 96 तास होते. बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल आम्ही ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवले. ही तयारी आधीच करून ठेवली नसती, तर तेवढा वेळ अपुरा पडला असता. खर्चाबाबत मात्र कोठेही संदिग्धता नव्हती. भारतातील संस्थेला द्यायचे 5000 डॉलर नियमांतच ठरलेले आहेत, त्यावर देणगी मागण्यास बंदी आहे आणि आमच्याकडे कोणी मागितलीही नाही.

तक्रार आहे ती आमच्या अमेरिकी संस्थेविषयी. दत्तक पालक म्हणून आम्ही योग्य आहोत ही अमेरिकी सरकारची मंजुरी (आय-800ए) 15 महिन्यांत संपते, याची वेळेवर आठवण तिने करून दिली नाही आणि नूतनीकरणात आमचे दोन महिने गेले. मुलीच्या दृष्टीने ते दोन महिने फार मोठे होते. संस्थेने घेतलेले 10 तासांचे अनिवार्य प्रशिक्षण मुलाच्या वियोगदुःखाविषयी उत्तम होते. परंतु पालक आणि मूल एकच भाषा बोलत असतील, ही शक्यता त्यात कोठेच धरलेली नव्हती.

आमच्या बाबतीत सर्वांत जास्त उपयोगी पडली ती नेमकी ही एकच भाषा. 'कारा'च्या ना-हरकत प्रमाणपत्रानंतर जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश झाला (सप्टेंबर 2022 पासून हे काम न्यायालयाऐवजी त्यांच्याकडे आहे) आणि आम्ही पुण्याला पोहोचलो, तेव्हा तिला सांभाळणाऱ्या मावशींनी आम्हांला दोन दिवस आपल्याजवळ बसवून घेतले. मुलगी वरणभातावर तूप नसेल तर ताट सरकवते, दिवा पूर्ण मालवला तर झोपत नाही, ताप आला की अबोल होते, हे सारे त्यांनी शांतपणे सांगितले. अहवालाच्या पानांत यातले काहीच नव्हते. अमेरिकी व्हिसासाठी दिल्लीत थांबलो असताना ती रात्री दचकून उठली आणि 'मावशी कुठंय' म्हणाली, तेव्हा तिच्याच बोलीत उत्तर देता आले, याचे मोल मी शब्दांत सांगू शकत नाही.

दत्तकानंतरची देखरेख काहींना जाचक वाटते, आम्हांला ती आधाराची वाटली. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल जातो. आमचे पाच गेले आहेत. तिसऱ्या अहवालाच्या वेळी समाजसेविकेनेच तिच्या शाळेतील अबोलपणाकडे लक्ष वेधले आणि मदत वेळेत मिळाली.

नोंदणी करणाऱ्यांना माझी एकच कळकळीची विनंती आहे: प्रवासाचे दिवस ठरवताना मुलाला सांभाळणाऱ्या मावशींसाठी किमान दोन दिवस राखून ठेवा आणि त्या जे सांगतील ते लिहून घ्या.